भैरोबाच्या जत्रेतला आकाशपाळणा

ब्रेकचा लाकडी ठोकळा फुटला तेव्हा मी जमिनीवर होते. उतरून झालं होतं. पाय मातीत होते, चपला हातात होत्या आणि चाक अजून पोटात फिरत होतं.

आवाज काही मोठा नव्हता. ओंडका फोडताना शेवटचा घाव बसतो, तेवढाच. जत्रा भरात होती. पिपाण्या वाजत होत्या, पलीकडच्या कुस्तीच्या फडात हलगी कडकडत होती. त्या गोंगाटात तो कुणाच्या कानावरही आला नसता. पण आईनं मान वळवली.

"हणमंता, काय फुटलं?"

पाळणेवाला हणमंता ब्रेकच्या दांड्यावर ओणवा झाला होता. दांडा त्याच्या हातात लुळा हलत होता. चाकाच्या कडेवर दाबून चाक धरून ठेवणारा ठोकळा दोन तुकडे होऊन मातीत पडला होता.

"बाई..." तो म्हणाला, आणि मग एकदम ओरडला, "धरा रं! चाक धरा! हात घाला समदी!"

चाकानं एक हिसका दिला. वर मुली किंचाळल्या. हणमंताची माणसं कडेला लोंबकळली, आसपासचे काही जण धावले, कुणीतरी तंबूचा वासा ओढून आणला आणि आऱ्यांमधून घालून खांबाला अडकवला. हणमंतानं इंजिनाचा पट्टा ताणून पाहिला, तर तो कप्पीवरून निसटून मातीत पडला. वासा करकरला. चाक थांबलं.

वर आमचा वर्ग होता.

माझी आई, लीला तांबट, तालुक्याच्या तांत्रिक शाळेत मेकॅनिकल शिकवायची. आसपासच्या हायस्कुलांतली टेक्निकल घेतलेली मुलं आठवड्यातून दोन दिवस तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये येत. फळ्यावर ती फारसं काही काढत नसे. गिअर समजावायचे तर उसाच्या चरकापाशी न्यायची, पट्टा आणि कप्पी समजावायची तर पिठाच्या गिरणीत. पंप उघडायला लावायची आणि परत जोडायलाही. जोडल्यावर एखादा नट हातात उरला, तर त्या मुलाला पंप पुन्हा पहिल्यापासून उघडावा लागे. मी आठवीत होते, त्याच वर्गात. शेडच्या दारातून आत गेलं की तिला ‘आई’ म्हणायचं नाही, ‘बाई’ म्हणायचं, हा आमच्या घरचा कायदा होता.

जत्रेच्या आधी तिनं आमच्याकडून सायकलच्या रिमचा आकाशपाळणा करून घेतला होता. रिमला चहाच्या डब्या टांगल्या, डब्यांत खडे भरले. सगळ्या डब्या भरलेल्या असल्या की रिम बोटानं जिथे नेऊ तिथे शहाण्यासारखी थांबायची. मग तिनं शेजारशेजारच्या डब्या रिकाम्या करायला लावल्या आणि म्हणाली, "आता बोट काढा." रिम गर्रकन फिरली. एक डबी सुटून भानुदास शेळकेच्या कपाळावर बसली आणि सगळा वर्ग हसून लोळला. भानुदासही हसला.

"आता हेच खऱ्या चाकात कसं असतं ते बघू," आई म्हणाली होती. म्हणून आम्ही जत्रेत आलो होतो.

हणमंतानं मोठ्या कौतुकानं इंजिन दाखवलं, पट्टा दाखवला, ब्रेक दाखवला. मग सगळ्यांना बसवून फिरवलं. उतरवायची वेळ आली तेव्हा तो एकेक पाळणा खाली आणायचा, ब्रेक दाबायचा, मुलं उतरवायचा आणि लगेच त्याच्या मागचा पाळणा आणायचा. ओळीनं.

"समोरासमोरचे रिकामे करा हो," आई त्याला म्हणाली होती. "एक खालचा, मग एक त्याच्या समोरचा. चाक एकांगी होतंय."

"बाई, ब्रेक हाय की," हणमंता हसून म्हणाला होता. "बापाच्या टायमापास्नं हेच करतोय."

तोवर चार पाळणे रिकामे झाले होते. त्यातला एक माझा. चारही एकाच बाजूला, खालपासून उजवीकडे वर चढत गेलेले. बाकीच्या आठांत मुलं होती. म्हणजे सगळा भार डावीकडे आणि वर, आणि तो खाली येऊ पाहत होता. रिमच्या पाळण्यात आम्ही बोट काढलं होतं, ते हेच. इथे बोटाच्या जागी एक वासा होता आणि घामानं निसरडे झालेले काही हात.

जत्रेतल्या माणसांना अजून कळलं नव्हतं. आम्हां मुलांना कळलं होतं. वरून रडण्याचा आवाज येत होता तो त्यामुळेच.

आईनं पदर कमरेला खोचला. साडीवर ती नेहमीसारखा खाकी ॲप्रन घालून आली होती.

"कुणीही मूल उतरवायचं नाही," ती म्हणाली.

खालून दुसऱ्या, डावीकडच्या पाळण्यातल्या मुली हाताला लागण्याइतक्या जवळ होत्या. एका माणसानं त्यांतल्या एकीला काखेत धरलंच होतं. तो थांबला.

"म्हंजी? हाताशी आलेली पोरं काढायची न्हाईत?"

"नाही. खालचं वजन कमी केलंत आणि चाक सुटलं, तर वरचं आणखी जोरात खाली येईल. सोडा तिला. बैस गं, तारा, हाताची घडी घालून बैस."

"बाई, मला उतरू द्या ना," तारा म्हणाली.

"बैस म्हटलं ना."

गर्दी जमली होती. गर्दीत भानुदासची आई होती, गिरिजाबाई. त्यांचं गाव जवळच होतं. जत्रेला म्हणून आल्या होत्या आणि लेकाला पाळण्यात बघून मघाशी हात हलवत होत्या. आता त्या आईच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, माजं पोरगं टोकाला हाय. खाली घ्या त्याला."

"घेणार आहे. जरा थांबा."

"कशाला थांबायचं? त्यो बगा काय करतोय!"

सगळ्यांनी वर पाहिलं. भानुदास सगळ्यांत वरच्या पाळण्यात उभा राहिला होता. त्याचा एक पाय कठड्याच्या बाहेर होता. आऱ्यावरून उतरत मध्यापर्यंत यायचा त्याचा विचार दिसत होता. पाळणा त्याच्याबरोबर झुलत होता, आणि प्रत्येक झोक्याला खाली वासा करकरत होता.

आई वर्गात हाक मारावी तशी म्हणाली, "भानुदास! तिथून कणा दिसतो का रे?"

वर त्याची मान वळली.

"मधला कणा, भानुदास. बेअरिंगमधून ग्रीस बाहेर येतंय का बघून सांग. मला इथून दिसत नाही."

मग बारीक आवाज आला, "येतंय, बाई."

"किती? पातळ की घट्ट?"

"बघतो."

"बसून बघ. उभ्यानं नीट दिसत नाही."

पाय आत गेला. तो बसला. गिरिजाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आता ऐका," आई हणमंताला म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. तिच्या इतक्या जवळ असूनही मला कान द्यावा लागला. "रिकामे पाळणे भरायला पाहिजेत. या बाजूचे. माणसं बसवायची, जड माणसं. चाक तोललं की मग हातानं फिरवू. एकेक पाळणा खाली आला की मुलं काढायची, पण तिथे लगेच मोठं माणूस बसलं पाहिजे. एकही पाळणा रिकामा जाता कामा नये."

"बिगर ब्रेकच्या चाकात कोन बसंल बाई?"

"फडात पैलवान आहेत ना? बोलवा."

पैलवान आले. अंगाला तांबडी माती, लंगोटावर टॉवेल गुंडाळलेले, कान मोडलेले. त्यांत पुढे होता संपत पैलवान. माझ्या आजवरच्या आयुष्यात मी तेवढं रुंद माणूस पाहिलेलं नाही. त्यानं येताच काही न विचारता चाकाची कड धरली. त्याच्या हातांखाली चाक जरा शांत झालं.

"धरलंय बाई. तुमी उतरवा."

"धरून चालणार नाही, पैलवान. तुम्हांला बसायचंय."

त्यानं मान वळवून वर पाहिलं. आकाशाला लागलेला तो पाळणा पाहिला. मग आईकडे पाहिलं.

"बाई, मी दिसभर धरतो. सांजपतुर धरतो. पर बसायचं नगा सांगू."

"का?"

"मी मातीतला मानूस. पाय मातीला पायजेत. आजवर गाडीच्या टपावरबी बसलो न्हाय."

त्याच्या मागचे पैलवान हसले, पण त्यांच्यातलंही कुणी पुढे आलं नाही.

"अरे, एवढे तालमीतले गडी तुम्ही!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"मग तू ये की म्होरं," एक पैलवान म्हणाला, आणि तो बोलणारा गर्दीत मागे झाला.

वासा पुन्हा करकरला. या वेळी त्याच्या मधोमध पांढरी रेघ उमटलेली दिसली. कड धरलेल्या माणसांतल्या एकानं हात पुसायला सोडला आणि चाक वीतभर डावीकडे सरकलं. वरून सगळी मुलं एकाच वेळी ओरडली. तो आवाज मला अजून कधीकधी येतो. शाळा सुटल्यावर मुलं ओरडतात ना, थेट तसा. फरक कळायला क्षणभर लागतो.

"कुणीतरी बसा हो," आई म्हणाली. ती आता एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. "चाक तोललं की धोका नाही. मी सांगते ना. मी शिकवते हे."

"तुमाला बोलायला काय जातंय!" गिरिजाबाई कडाडल्या. पदर तोंडावरून निघाला होता. "तुमीच चढवली समद्यांस्नी. शिकवायचं हाय म्हनं! आनि तुमची पोरगी तेवडी उतरली, बगा. खाली हुबी हाय, चपला घेऊन. लोकांची लटकल्यात!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला खाली टाकल्या. का टाकल्या, ठाऊक नाही.

आईनंही माझ्याकडे पाहिलं. तिनं पाहिलं तसं मला वाटलं, ती आता गिरिजाबाईंना काहीतरी सुनावेल. ती उत्तर द्यायला कधी मागेपुढे पाहत नसे.

"शैला," ती म्हणाली, "चढ."

मला कळलंच नाही. "बाई?"

"त्या दुसऱ्या पाळण्यात. खालच्याच्या उजवीकडच्या. चढ लवकर."

"मी उतरलेय, बाई."

"माहीत आहे. वजन पाहिजे तिथे. चढ."

"आई," मी म्हणाले. शेडचा कायदा, वर्ग, सगळं विसरले. "आई, मला नाही जायचं. तो वासा मोडतोय. आई, मला दिसतोय."

"मलाही दिसतोय."

तिनं माझा दंड धरला. ओढलं नाही. पण धरला असा, की मला ढकलल्यासारखंच झालं. पाळणा छातीइतका उंच होता. आईनं आपल्या हातांची ओंजळ करून माझ्या पायाखाली धरली आणि मला वर चढवलं. मी आत पडले. पाळणा हलला. फळीवरून मी खाली पाहिलं तेव्हा तिनं आधीच पाठ फिरवली होती.

"हं," ती गर्दीला म्हणाली. "आता कोण?"

जवळचे दोघे मागे सरकले. हलगी थांबली होती. फडातली माणसंही इकडे आली असावीत. मी एकटी त्या पाळण्यात. बुडाखाली लोखंड थरथरत होतं. माझ्या डोक्याच्या वर, डावीकडे, आठ पाळण्यांचा भार लोंबत होता आणि मला तो दिसत नव्हता, कारण मान वर करायची हिंमत नव्हती. मी आईच्या पाठीकडे बघत राहिले. ॲप्रनचे बंद मागे गाठ मारून बांधलेले होते. मला ती मारायला निघाली असती तरी इतकी भीती वाटली नसती. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"आयला," संपत पैलवान म्हणाला. त्यानं कड सोडली. दुसऱ्या दोघांनी ती धरली. तो माझ्या पाळण्यापाशी आला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सरक, पोरी."

तो चढला तेव्हा पाळणा एवढा खाली दबला की मला वाटलं, तुटला. मग चाक हळूच उजवीकडे झुकलं, आणि मोडायला आलेल्या वाशावरचा ताण सैल झाल्याचा आवाज मी ऐकला. खालच्या माणसांनीही ऐकला.

"बघा!" आई म्हणाली. "बघितलंत? अजून माणसं पाहिजेत. त्या वरच्या रिकाम्या पाळण्याला शिडी लावा."

मग एकेक जण आले. पैलवान, एक पानवाला, हणमंताचा भाऊ. गिरिजाबाईसुद्धा पुढे झाल्या. लुगड्याचा काष्टा आवळून खालच्या पाळण्यात बसल्या आणि डोळे मिटून भैरोबाचं नाव घ्यायला लागल्या. चारही पाळणे भरले तेव्हा आईनं वासा काढायला सांगितला. तो काढताना तिनं श्वास रोखला होता. चाक जागच्या जागी थांबलं.

"आता हळू," ती म्हणाली. "फिरवा. धक्का नको. पाणी भरलेली घागर फिरवताय असं समजा."

चाक फिरलं आणि मी वर जायला लागले.

संपत पैलवानानं दोन्ही हातांनी कठडा धरला होता. त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. तो डोळे उघडत नव्हता.

"पोरी, किती वर आलो?"

"थोडं."

"खरं सांग."

"खोपटांची छपरं दिसतात."

"आई गं," पैलवान म्हणाला. जरा वेळानं पुन्हा: "भितीस व्हय?"

"हो."

"बरं झालं. मला वाटलं मीच."

खाली पहिला पाळणा रिकामा झाला. तारा आणि तिच्याबरोबरच्या मुली उतरल्या, आणि लगेच दोन पैलवान तिथे बसले. चाक पुन्हा थोडं फिरलं. प्रत्येक वेळी थांबायचं, मुलं उतरायची, मोठी माणसं बसायची. मधल्या वेळात ते चाक फक्त तोलावर उभं असायचं, आणि वाऱ्याची झुळूक आली तरी मी कठडा आवळायचे.

"तुज्या आईनं तुला वर का चढवलं गं?" पैलवानानं डोळे मिटूनच विचारलं.

"वजन पाहिजे होतं."

तो हसला. भीती विसरून हसला. पाळणा हलायला लागला तशी पुन्हा गप्प झाला. "तुजं वजन? अगं, माज्या एका मांडीएवडी न्हाईस तू. म्या आल्यावर काय राहिलंय तुजं?"

मला राग आला. मी म्हणाले, "बाई म्हणाल्या म्हणजे लागतच असणार."

"व्हय, व्हय," तो म्हणाला. "मास्तरीनबाई हैत."

आम्ही माथ्यावरून जरा पुढे सरकलो. तिथून आई फार लहान दिसत होती. ती चाकाच्या कडेला हात लावून उभी होती आणि एकदाही वर बघत नव्हती. मी मनातल्या मनात म्हणत होते, बघ ना वर. एकदा बघ. भानुदास आता खाली उतरला होता. तो आईपाशी उभा राहून काहीतरी सांगत होता, बहुतेक ग्रीसबद्दल. ती मान हलवत होती. त्याच्याकडे मात्र ती बघत होती.

शेवटचं मूल उतरलं. आता सगळ्या चाकात मोठीच माणसं होती आणि मी. माझा पाळणा डावीकडून उतरत उतरत जमिनीशी आला. मी उठले.

"बस," आई म्हणाली.

"सगळी उतरली, बाई."

"तू बस. आता समोरासमोरचे रिकामे करायचेत. तुझा शेवटी."

"पोरीला काडा की," संपत म्हणाला. "तिचं काय वझं हाय?"

"पैलवान," आई म्हणाली, "ती बसेल आणि तुम्हीही बसाल. कुणी मधेच उडी मारायची नाही."

आधी आमच्या शेजारचा पाळणा रिकामा केला, मग त्याच्या समोरचा खाली आणायला चाक अर्धं फिरवलं. म्हणजे मी पुन्हा माथ्यावर. मग दुसरी जोडी, मग तिसरी. किती वेळा वर गेले आणि खाली आले ते मी मोजलं नाही. माझ्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता, भर उन्हात. पैलवानानं आपला मातीनं माखलेला जड हात माझ्या पाठीवर ठेवला होता. खाली वर्ग ओळीनं बसला होता. सगळे माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्यातली नसल्यासारखे.

शेवटी आम्ही दोघंच उरलो. चाक आमच्या भारानं खाली आलं आणि थांबलं. त्याला आता कुठे जायचं नव्हतं.

पैलवान उतरला आणि मातीत मांडी घालून बसला. दोन्ही हातांनी माती घेऊन त्यानं पोटऱ्यांना चोळली. मी उतरले. आई चाकाची कड धरूनच उभी होती.

"झालं, बाई," हणमंता म्हणाला. "सोडा आता."

"हो," ती म्हणाली. तिनं सोडलं नाही.

"बाई?"

"सोडता येत नाहीये," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली.

तिच्या मुठी कडेवर मिटून घट्ट झाल्या होत्या. गिरिजाबाई आल्या. आधी वाटलं, त्या पुन्हा काहीतरी बोलणार. त्यांनी आईचं एकेक बोट धरून हळूहळू सरळ केलं, लहान मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तसं. तळव्यांवर लोखंडाच्या कडेची निळी रेघ उठली होती.

आई वर्गाकडे वळली. "चला. सगळे आहेत का बघा." मग मला म्हणाली, "चपला घाल."

घरी गेल्यावर ती त्याबद्दल बोलली नाही. मीही बोलले नाही. पुढच्या वर्षीही तिनं वर्ग जत्रेत नेला. पण पाळण्यात कुणी बसलं नाही. हणमंतानं लोखंडी ब्रेक बसवला होता आणि एक जास्तीचाही, आणि आईनं तो मुलांकडून खोलून घेऊन परत जोडून घेतला. त्या वर्षी मला मुद्दाम ताप आला. म्हणजे मी तो आणला.

बरीच वर्षं मी तिच्यावर चिडून होते, आणि कशासाठी ते मला नीट सांगता येत नव्हतं. तिला इतरांची मुलं जास्त, असं काहीतरी. बारावीत असताना एकदा अभ्यास करता करता कागदावर ते चाक काढलं. पाळण्यांतली मुलं, पैलवान, मध्यापासूनचं अंतर, सगळं अंदाजे मांडलं. मग मी स्वतःला वगळून तेच गणित पुन्हा केलं. उत्तरात फरक पडला तो नावापुरता. संपत पैलवानानं डोळे मिटून सांगितलं होतं तेच.

कागद मी चुलीत घातला. आईला दाखवला नाही. मला वाटायचं, दाखवला तर ती काहीतरी कारण सांगेल आणि ते मला पटेल.

आई जाऊन आता चार महिने होतील. शेवटी शेवटी ती दुपारी जागी असायची आणि तिला बोलायला आवडायचं. शेडमधल्या मुलांची नावं, कोण कुठे आहे, कुणाचा लेथवर हात चांगला होता. एका दुपारी मी तिला औषध देऊन बसले होते. ती छताच्या पंख्याकडे बघत होती. तो डगमगत फिरत होता.

"एका पात्याला थोडं वजन लावायला पाहिजे," ती म्हणाली.

"आई," मी म्हणाले, "त्या जत्रेत माझ्या वजनानं काय होणार होतं?"

ती पंख्याकडेच बघत राहिली. मला वाटलं, तिच्या लक्षात आलं नाही.

"काही नाही," ती म्हणाली.

"मग?"

"तू खाली उभी होतीस तोवर माझं कोण ऐकणार होतं? गिरिजाबाई काही खोटं बोलली नव्हती." तिला दम लागला. थोडं थांबून म्हणाली, "आधी तुलाच चढवावं लागणार, हे पैलवान नाही म्हणाला तेव्हाच मला कळलं होतं. तिच्या बोलण्याआधी. पण पाय निघत नव्हता माझा."

"आणि शेवटपर्यंत ठेवलंस मला."

"तुला काढली असती तर सगळ्यांनी उड्या टाकल्या असत्या."

मी तिचा पेला उचलला, पुन्हा ठेवला. "एकदाही वर बघितलं नाहीस."

"नाही."

"का?"

"बघितलं असतं तर तुला उतरवलं असतं."

बाहेर कुणीतरी पाण्याची टाकी भरत होतं. त्या मोटरीचा आवाज थांबला.

"आणि मी चढलेच नसते तर?" मी विचारलं.

तिनं पांघरुणाची कड सारखी केली. "ते माझ्या मनातच आलं नाही बघ," ती म्हणाली. "तू चढणारच नाहीस हे डोक्यातच आलं नाही. घरी आल्यावर आलं. तेव्हापासून ते जात नाही."

मला तिला काहीतरी द्यायचं होतं. मी पुढे झाले आणि म्हणाले, "आई, तू खरं कारण सांगितलं असतंस, तरी मी चढले असते."

तिनं मान वळवली. चष्मा जरा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं. शेडमध्ये एखादा मुलगा पट्टी न लावताच आकडा सांगायचा, तेव्हा ती त्याच्याकडे असंच बघायची.

"मोजलंयस का?"

"नाही."

"मग?" ती म्हणाली, आणि पाण्यासाठी हात पुढे केला.